मुखड्यात मॉनिटर नको

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, नमस्कार. मी इंदूरचीच, लोकमान्य नगरात राहते. वय 34. नर्सिंगमध्ये बारा वर्षं झाली. एप्रिल-मे 2021 मध्ये एका खासगी हॉस्पिटलच्या कोविड आयसीयूत मी रात्रपाळीला होते. तेव्हाचं सगळं लिहीत नाही, लिहवत नाही. पुढे सहा महिन्यांनी आयसीयू सोडलं, आता ओपीडीत आहे. लहानपणी गाणं शिकले, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या. गेली दोन वर्षं गाणी सुचताहेत आणि सगळी त्याच दिवसांवरची. त्यातलं एक बेड नंबर सातवर आहे. त्या काकांच्या कानाशी मी फोन धरला होता आणि पलीकडून त्यांची बायको रामरक्षा म्हणत होती. रामरक्षा पुरी व्हायच्या आत मॉनिटरचा सूर उतरत गेला. तेच उतरते सूर मी मुखड्यात घेतलेत, नोटेशन सोबत पाठवते. कोजागिरीला कॉलनीत हे गाणं म्हटलं. समोर बसलेल्या एक काकू मध्येच उठून गेल्या. त्यांचे यजमान त्याच लाटेत गेले हे मला नंतर कळलं. सासूबाई म्हणाल्या, 'कशाला उकरून काढतेस? आनंदाचं काही म्हण.' मला स्वतःला तीन रात्री झोप नव्हती. मायक्रोवेव्ह वाजला तरी छातीत धस्स होतं. दुसऱ्या ओळीत दम पुरत नाही. शेवटच्या कडव्यात 'उजाडेल' असं आणलंय, पण म्हणताना ते खोटं वाटतं. मी ही गाणी लिहावीत का? मी दुसऱ्यांच्या मरणावर गाणी करतेय का? अजूनही कधी कधी घरी आल्यावर मी तेव्हासारखीच व्हरांड्यात उभी राहते, कपड्यांची बादली हातात धरून. तेव्हा कचरा गाडीचं गाणं लांब जाईपर्यंत तशी उभी असायचे. नाव छापू नये."

प्रिय सिस्टर,

नाव छापायचं नाही म्हणून हीच हाक मारते. वॉर्डात ती किती जणांनी किती वेळा मारली असेल! इथे ती मी आदरानं मारते आहे.

गाण्याकडे येते, पण आधी तुझी झोप. भयंकर काही सोसून महिना उलटला तरी ते प्रसंग न बोलावता समोर येत राहिले, साध्या आवाजानं दचकायला झालं, त्या जागा टाळाव्याशा वाटल्या, झोप मोडायला लागली, तर डॉक्टरांकडे त्याला नाव आहे: पीटीएसडी. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव 1980 साली आलं, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता. तुला ते आहे की नाही हे मी ठरवू शकत नाही, मी गाणं शिकवणारी बाई. पण हेच सगळं एखाद्या पेशंटनं तुला ओपीडीत सांगितलं असतं, तर तू त्याला घरी पाठवलं असतंस का? चार वर्षं होऊन गेली आहेत. या दुखण्यावर नेमके उपचार आहेत. त्या आठवणीला सावकाश, ठरवून सामोरं नेणारी बोलण्याची उपचारपद्धती आहे, डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत ती आठवण हाताळणारी ईएमडीआर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 च्या आपल्या मार्गदर्शनात दोन्हींची शिफारस केली आहे. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा नंबर फिरव. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, हिंदीत बोल नाही तर मराठीत बोल. मात्र गाण्याला डॉक्टरच्या खुर्चीत बसवू नकोस. त्याला ते झेपत नाही, आणि झेपलं नाही की आपण गाण्यालाच बोल लावतो.

आता तुझा प्रश्न: लिहू का? लिही. पण लिहिणं आणि लोकांसमोर म्हणणं ही दोन कामं आहेत, आणि तू ती एकाच दमात केलीस.

जेम्स पेनीबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एका सहकारी बाईंबरोबर कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, तो 1986 साली छापून आला. ओळीनं चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यांत जिव्हारी लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं. काय घडलं तेही, आणि काय वाटलं तेही. लिहून उठल्यावर मुलांना जास्तच वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या बाकीच्यांपेक्षा कमी झाल्या. या प्रयोगातल्या दोन गोष्टी मला तुझ्यासाठी महत्त्वाच्या वाटतात. लिहिण्याला घड्याळ लावलेलं होतं. आणि त्या कागदांना कुणी चाल लावली नाही, कुणी ते मांडवात म्हणून दाखवले नाहीत. तेव्हा एक वही अशी ठेव जी कुणीच वाचणार नाही, तूसुद्धा निदान महिनाभर नाही. 15 मिनिटांचा गजर लाव (मोबाइलचा टोन बदलून घे, बीप नको), आणि वाजला की वही मिटून उठ. गाण्याची वही वेगळी.

आपल्या बायकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. जात्यावरची ओवी पहाटेच्या अंधारात म्हटली जायची, आणि ऐकायला कोण? फार तर खुंट्याचा दुसरा हात धरणारी जाऊ नाही तर नणंद. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या. सासर, मेलेलं मूल, दुष्काळ, मार, काय नाही त्यात! पण त्या रचल्या गेल्या तेव्हा हात कामात होते, नजर पिठाकडे होती, आणि समोर गर्दी नव्हती. तुझ्या गाण्याला असं एक माणूस लागेल. कॉलनी नंतर.

बेड सातचं गाणं मी हार्मोनियमवर वाजवून पाहिलं. मुखडा नी-ध-प असा उतरतो आणि तू तो पंचमावर सोडून देतेस, जणू खालच्या पायऱ्या कुणी काढून नेल्या आहेत. गायक म्हणून मला ती जागा फार आवडली. मग मी मोजलं. सबंध गाण्यात ती ओळ सहा वेळा येते.

पल्स ऑक्सिमीटरची गंमत तुला मी काय सांगायची, पण इतर वाचकांसाठी सांगते. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, खाली आलं की ठोक्यागणिक वाजणारा सूरही खाली येतो. सिस्टरची पाठ मॉनिटरकडे असली तरी कानाला कळावं म्हणून ते तसं केलेलं असतं. तुझे कान वर्षानुवर्षं त्या सुरावर तयार झाले. तो उतरला की पाय आपोआप पळायचे, डोकं नंतर पोचायचं. आता तोच सूर तू मुखड्यात बसवलास. म्हणजे एका गाण्यात सहा वेळा तू तुझ्या शरीराला 'पळ' म्हणतेस आणि पळायला समोर बेड नाही. समोर सतरंजीवर बसलेली कॉलनी आणि आटवलेलं दूध. मग तीन रात्री झोप कशी लागावी?

मुखड्याचं काम काय ते आठव. अंतरा आपल्याला लांब नेतो, वरच्या षड्जापर्यंत नेतो, आणि मुखडा समेवर परत आणतो. शब्द तेच असतात, पण पहिल्या वेळचा मुखडा आणि तिसऱ्या अंतऱ्यानंतरचा मुखडा कानाला सारखा लागत नाही, कारण मध्ये बरंच काही होऊन गेलेलं असतं. तुझी ती आठवण नेमकी याच्या उलट वागते. मात्रा मोजून येत नाही, कुठूनही येते, आणि दर वेळी जशीच्या तशी. मध्ये चार वर्षं गेली, तू बदललीस, तुझी मुलं मोठी झाली असतील, ती मात्र त्याच रात्री अडकून बसली आहे. जी गोष्ट आधीच तुझ्याकडे न विचारता परत परत येते, तिला परत यायचं हक्काचं ठिकाण देऊ नकोस. उतरते सूर अंतऱ्यात घे. एकदाच. आणि पंचमावर सोडून न देता तिथून खाली षड्जापर्यंत चालत ये, तानपुऱ्यात मिसळेपर्यंत थांब, मग मुखडा धर. घरी म्हणून बघ. अंगात काय फरक पडतो ते तुझं तुलाच कळेल.

आणखी एक. या गाण्यातली 'मी' कोण आहे? 'मी इकडून म्हणते, तुम्ही तिकडून ऐका' ही ओळ सुरेख आहे, पण ती त्या फोनवरच्या बाईंची आहे. तू त्यांच्या जागी जाऊन बसलीस. तू पाठवलेली दुसरी दोन गाणीही बघ, एकात तू मुलगा झाली आहेस, एकात तर खुद्द पेशंट. आयसीयूतल्या तीन गाण्यांत सिस्टर कुठेच नाही. 'दुसऱ्यांच्या मरणावर गाणी करतेय का' हा काटा तुला टोचतोय तो मला वाटतं इथूनच टोचतोय. त्यांचं मरण त्यांचं होतं. तुझ्याकडे जे होतं ते वेगळं होतं, आणि तेही काही थोडं नव्हतं.

फोन धरलेला हात गाण्यात आण. दोन-दोन हातमोज्यांतला, आत घामानं भिजलेला तो हात. फोनला प्लास्टिकची पिशवी चढवलेली असेल, स्क्रीन नीट दिसत नसेल. उजवा हात होता की डावा? आणि दुसरा कुठे होता? माझा एक अंदाज आहे, चुकीचा असेल तर सोडून दे: दुसऱ्या हातानं तू अलार्म गप्प करत होतीस, रामरक्षा ऐकू जावी म्हणून. तसं असेल तर तेच गाणं आहे. जी गोष्ट ऐकू यावी म्हणून नेमलेली, तीच बंद करणारा हात.

हे लिहिणं जड जाणार, कारण तिथे नुसतं दुःख नाही, अपराधीपण आहे. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञानं 1990 च्या दशकात त्याला वेगळं नाव दिलं, 'मॉरल इंज्युरी'. मराठीत नैतिक जखम म्हणता येईल. योग्य काय ते ठाऊक असून ते करता आलं नाही, करू दिलं गेलं नाही, याचा जो घाव राहतो तो. कोविडनंतर डॉक्टर-नर्सेसबद्दल हा शब्द जगभर वापरला गेला. मे 2021 च्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात चार लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडले होते. कुणाला श्वासाला जोर देणारं बायपॅप मशीन, कुणाला नुसता मास्क, कुणाला पालथं झोपवायचं आणि कुणाजवळ फोन धरून उभं राहायचं, हे दोन हात असलेल्या माणसानं पहाटे चार वाजता ठरवायचं होतं. ते गाण्यात आणायचं की नाही हे तुझ्या समुपदेशकाशी बोलून ठरव. एकटीनं रात्री बसून नको.

दुसऱ्याची गोष्ट गाण्यात घेऊच नये असं मी म्हणत नाही. मेरी गोशे नावाची अमेरिकन गायिका युद्धात जखमी झालेल्या सैनिकांबरोबर, त्यांच्या घरच्यांबरोबर बसून गाणी रचत आली आहे. त्या गाण्यांचा तिचा संग्रह 2018 साली आला, आणि गीतकार म्हणून तिच्या नावाबरोबर त्या लोकांचीही नावं आहेत. आधी माणूस, त्याचं बोलणं, त्याची मर्जी, मग चाल. तुला तसं करता येणार नाही, कारण त्या बाईंचा नंबर हॉस्पिटलच्या फाइलमध्ये आहे आणि तो गाण्यासाठी काढणं बरोबर नाही, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. तेव्हा बेडचा नंबर बदल, ओळखू येईल अशी प्रत्येक खूण बदल. रामरक्षा राहू दे. ती आपल्या इतक्या घरांतून रोज दिवेलागणीला म्हटली जाते की कुणा एकाची ती खूण होत नाही.

आणि तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी तू एक गाणं लिहून बसली आहेस, ते तुला दिसलेलंच नाही. व्हरांडा, कपड्यांची बादली, आणि कचरा गाडीचं गाणं लांब जाईपर्यंत उभं राहणं. इंदूरच्या माणसाला दुसरं काही सांगावंच लागणार नाही! त्या दोन महिन्यांत सराफा बंद होता, राजवाड्यावर चिटपाखरू नव्हतं, रात्रभर अॅम्ब्युलन्स ऐकू यायच्या, आणि सकाळी ती गाडी आपलं तेच उत्साही गाणं वाजवत यायची. तू बारा तासांची रात्र संपवून उभी, घरात शिरता येत नाही, बादलीत डेटॉलचं पाणी, आणि गल्लीत ते गाणं. आणि आजही, ओपीडीतून परतल्यावर, धुवायला काही नसताना तू तिथे थांबतेस. त्या रात्रींचं गाणं करायचं तर त्या रात्रींत परत शिरावं लागतं. हे त्यानंतरचं आहे, आजचं आहे, तुझं स्वतःचं आहे. आधी हे लिही. वॉर्डातली वाक्यं ज्या भाषेत झाली त्याच भाषेत ठेव, 'सिस्टर, फोन लगा दो' याचं मराठी करू नकोस. आपण घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणारी माणसं. व्हरांडा या दोन्हींच्या मधेच आहे.

दम पुरत नाही म्हणालीस. पुरवू नकोस, ओळ आखूड कर. आपल्या शेजारी देवासला कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, 1948 साली आले ते क्षयानं खचून. गाणं बंद, पाचेक वर्षं जवळजवळ अंथरुणावर. पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी आणि दारावरून जाणाऱ्या जोग्यांची भजनं ऐकत राहिले. परत गायला लागले ते उरलेल्या श्वासाच्या मापानं. लहान, धारदार तुकडे, मध्ये शांतता, आणि त्या शांततेलाही सूर. त्यांची नक्कल कर असं मी म्हणत नाही, ती कुणाला जमलीय? पण श्वास तुटतो तिथे ओळ तोडायची ही परवानगी त्यांच्याकडून घे.

'उजाडेल' काढून टाक. तुला खोटं वाटतं तर ऐकणाऱ्यालाही वाटणार, फक्त तो सौजन्यानं टाळ्या वाजवेल. त्याजागी काय, असं विचारशील. काहीच नको. माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीचं पहिलं मूल बाराव्या दिवसाआधी गेलं होतं. पुढे आमच्या घरात जितकी बारशी झाली त्या सगळ्यांना पाळणा तिनंच म्हटला, आणि दर वेळी एक कडवं ती म्हणायचीच नाही. तेवढा वेळ नुसता पाळण्याचा झोका चालू ठेवायची, मग पुढचं कडवं. बायका गप्प राहायच्या. कुणी कधी विचारलं नाही, आम्हा मुलींना फार नंतर कळलं. तू त्या जागी आठ मात्रा नुसता तानपुरा वाजू दे.

कार्यक्रमाबद्दल थोडंसं. म्हणण्याआधी दोन वाक्यांत सांग की गाणं कोविडच्या वॉर्डावर आहे, ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी खुशाल उठून जावं. उठून जाण्याला मान दिला की बसणाराही मोकळा होतो. झोपायच्या वेळेआधी हे गाणं घेऊ नकोस. त्याच्यानंतर लगेच लहानपणी पाठ झालेली एखादी बंदिश म्हण, जी गळ्याला विचार न करता येते. आणि कधी वाटलं की आज नको, तर नको. यादीत छापलं गेलं असलं तरी नको.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्या दिवसांत त्या घरात होत्या, दाराच्या आतल्या बाजूला. तू बादली घेऊन उभी असायचीस तेव्हा त्या काय करत होत्या, हे त्यांना कधी विचारलंस? न्हाणीघरात पाणी काढत असतील, मुलांना मागच्या खोलीत धरून बसल्या असतील, खिडकीच्या फटीतून तुला बघत असतील. चहा करताना विचार. 'उकरून काढू नकोस' म्हणणाऱ्या माणसाकडेही पुष्कळदा काहीतरी पुरलेलं असतं. त्यांनी सांगितलं तर तुझ्या व्हरांड्याच्या गाण्याचा दुसरा अंतरा तिथे आहे, आणि जात्याचा खुंटा धरणारं दुसरं माणूसही.

राहिल्या त्या उठून गेलेल्या काकू. माफी मागायला जाऊ नकोस, म्हणजे त्यांनाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. सहज जा, दुपारच्या चहाच्या वेळी, शेजारीण म्हणून. त्यांनी यजमानांबद्दल काढलं तर ऐक, नाही काढलं तर त्यांच्या कुंड्यांबद्दल बोल. कदाचित त्या तुला विचारतील की तिथे आत माणसाजवळ शेवटी कुणी असायचं का. चार वर्षं त्यांना हे विचारायला कुणी भेटलं नसेल. तू नक्की सांगू शकतेस तेवढंच सांग: तुझ्या पाळीत, तुझ्या हाताला जमलं तेवढ्यांजवळ, तू होतीस. जाताना गाण्याची वही घरीच ठेव.